गावच्या ग्रुपवर बाया लिहीतच नाहीत. अ‍ॅडमिन म्हणून मी काय करू?

परहाटीवाली (कळंब तालुका, जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी. मी बचत गटांची सीआरपी, म्हणजे गावातले गट चालवायला मदत करणारी कार्यकर्ती आहे. गटांच्या वह्या, बैठका, कर्जाचे कागद हे माझं काम. घरची साडेचार एकर, परहाटी (कापूस), तूर आणि थोडं सोयाबीन. त्यात गावच्या शेतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपची अ‍ॅडमिनही मीच. हे काम बिनपगारी आणि सगळ्यात जास्त डोकं खाणारं.

ग्रुप का काढला ते आधीच सांगते, नाहीतर कोणीतरी लिहीलच की ताई, डिलीट करा अन् सुखी व्हा. २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेनं आमच्या जिल्ह्यात माणसं गेली. पेपरात फोटो आले ते पंप पाठीवर घेतलेल्या गड्यांचे. पण टाकीचं पाणी कोण वाहून देते? बादलीत औषध काडीनं कोण घोटते? ते कपडे संध्याकाळी कोण धुते? आमच्याकडं तरी बायाच. आणि डब्यावरचा त्रिकोण लाल असला म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, हिरवा त्यातल्या त्यात सौम्य, हे त्यांना कोणी सांगतलंच नव्हतं. मलाही माहीत नव्हतं. म्हणून ग्रुप. आज २८६ जण आहेत, त्यात ११४ बाया. लिहिणाऱ्या बाया मोजल्या तर एका हाताची बोटं पुरतात, त्यातलं एक बोट माझं.

आता झालं ते सांगते. पोळ्याच्या आठ दिवस आधीची गोष्ट. एका घरची नवी सून, माहेर बुलडाण्याकडचं, बारावी झालेली. तिनं दुपारी सोयाबीनच्या पानाचा फोटो टाकला. पान हिरवं-पिवळं, चट्ट्याचट्ट्याचं. खाली लिहिलं, 'याले काय झालं? कोणतं औषध मारावं?' पान तिनं तळहातावर धरलं होतं. हातात हिरव्या बांगड्या, मेंदी उतरत आलेली.

दोन मिनिटात पहिला मेसेज: 'पान दिसूनच नाही राहिलं, हात पाहून राहिलो.' त्यावर हसरी तोंडं. मग 'औषध घेऊन घरीच येऊ का?' मग आणखी हसरी तोंडं. मी नंतर बसून मोजले, ४१ मेसेज. पानाबद्दल एकही नाही.

मी होते प्रभाग संघाच्या, म्हणजे आसपासच्या गावांतल्या गटांच्या संघाच्या बैठकीत, फोन पर्समध्ये, आवाज बंद. साडेपाचला एसटीत बसल्यावर पाहिलं. आणि काय केलं? 'सर्वांना विनंती, ग्रुपवर फक्त शेतीविषयक पोस्ट टाकाव्यात' असं लिहिलं अन् खाली हात जोडल्याचं चित्र टाकलं. आज वाचते तर माझी मलाच लाज वाटते. कोणाला बोलले मी ते? ज्यांना बोलायचं त्यांनी मनावर घेतलंच नाही. त्या पोरीनं मात्र घेतलं, तिला वाटलं आपलंच चुकलं. पाच मिनिटात तिनं पानाचा फोटो काढून टाकला.

त्या रात्री सव्वाअकराला तिला 'हाय' आलं. नंबर ग्रुपमधून उचललेला, दुसरीकडं कुठं तो नव्हताच. तीन रात्री 'हाय', 'झोपली का', मिस कॉल. चौथ्या रात्री नवऱ्यानं पाहिलं. त्यानं मारलं-बिरलं नाही, तो तसा नाही. पण सिम काढून कपाटात ठेवलं. 'तुले फोन कायले पायजे?' एवढंच म्हणाला. गटाच्या हप्त्याचा मेसेज आता सासऱ्याच्या फोनवर जाते.

पहिला मेसेज कोणाचा ते गावाला माहीत आहे. रात्रीचा 'हाय' वाला नंबर वेगळा, म्हणून तोच असं मी छातीठोक म्हणत नाही. अडचण ही की त्याच्या घरच्या दुकानातून अर्धं गाव बी-खत उधारीवर उचलते. आमच्याही घरची उधारी आहे, ती परहाटी घरात आल्यावर फिटते. त्याला काढलं तर उद्या तो नवा ग्रुप काढून पन्नास माणसं घेऊन जाईल. नाही काढलं तर त्या ११४ जणी आपापल्या समजून जातील की इथं काय चालते.

नियम विचारू नका. बारा नियमांचा मेसेज वर पिन करून ठेवला आहे. बारावा कोणी वाचला असेल तर त्याला मी घरी बोलावून चिवडा खाऊ घालते.

ज्यांनी असे गावचे ग्रुप चालवले त्यांनी सांगा, तुम्ही काय केलं?

---

पारावरचे गुरुजी (मोर्शी तालुका, जि. अमरावती)

ताई, मी निवृत्त मुख्याध्यापक. आमचा गावग्रुप सहा वर्षांचा आहे, दोन निवडणुका पाहिलेला. ग्रामपंचायतीच्या मतदानाआधी तीन दिवस मी कुलूप लावतो, फक्त अ‍ॅडमिन लिहू शकेल असं करून टाकतो. शिव्या खाल्ल्या, पण भांडण पारावरून ठाण्यात गेलं नाही.

तुमच्या प्रसंगावरून मला झडत्या, म्हणजे पोळ्यातली चिमटे काढणारी कवनं, आठवल्या. पोळ्याला तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहतात, तेव्हा एकमेकांवर काय कमी बोलतात? सरपंचावर, सावकारावर, जावयावर. पण म्हणणारा समोर उभा असतो, ज्याच्यावर म्हटली तोही समोर असतो, आणि त्याला उलटी झडती म्हणायची मुभा असते. शेवटी सगळे मिळून 'हर हर महादेव'. त्या सूनबाईला उलटी झडती म्हणायची सोय कुठं होती? गावात आलेली नवी, बोलणारे एवढे सगळे अन् ही एकटी. म्हणून ही मस्करी नव्हे हे माझंही मत.

पण काढून टाकण्याची घाई करू नका. त्याच्या घरी जा, नाहीतर वडीलधाऱ्या कोणाला पाठवा. चहा घ्या, बाजूला घेऊन सांगा. माणूस चारचौघांत तोडला की तो कायमचा वाकडा जातो. तंटामुक्तीच्या समितीत मी हेच केलं, पुष्कळ मिटलं.

---

आशा वर्कर (देवळी तालुका, जि. वर्धा)

गुरुजी, तुमचा मान ठेवून बोलते. चहा घेऊन मिटते ते दोन गड्यांमधलं, धुऱ्याचं (बांधाचं) भांडण. इथं चहा प्यायला बसणार कोण? परहाटीवाली ताई, तो पोरगा अन् त्याचे वडील. जिचं सिम कपाटात आहे ती कुठं बसणार? 'मिटलं' म्हणून सगळे उठतील, तिला कोणी विचारणार पण नाही.

माझा नंबर आरोग्य उपकेंद्राच्या भिंतीवर रंगवलेला आहे. तो राहायलाच पाहिजे, रात्री-बेरात्री कोणाला कळा सुटतात. पण त्याच नंबरवर रात्री एकला 'काय करून राहिली' असंही विचारणारे असतात. पहिले दोन वर्ष मी नवऱ्यालाही सांगितलं नाही. भीती तीच, तो म्हणेल काम सोड. बाई गप्प बसते ती त्या माणसाच्या भीतीनं कमी अन् घरातल्या कपाटाच्या भीतीनं जास्त.

म्हणून ताई, पहिले त्या पोराच्या घरी नका जाऊ. तिच्या घरी जा. सासू असताना जा. हळदीकुंकू, गटाची वही, काहीही निमित्त काढा. सासूसमोर सांगा की पोरीची काही चूक नाही, शेताचंच विचारत होती. आणि मग तिला एकटीला विचारा, तुला काय पाहिजे. आपणच ठरवून पोलीस-पंचायत केली तर उद्या गाव बोट तिच्याकडंच दाखवते.

आणखी एक. ग्रुपमध्ये आलं की नंबर सगळ्यांना दिसते, हे पुष्कळ बायांना माहीतच नसते. गटाच्या बैठकीत दहा मिनिटं काढून प्रत्येकीच्या फोनमध्ये हे करून द्या: फोटो फक्त ओळखीच्यांना दिसावा, ग्रुपमध्ये फक्त ओळखीच्यांनीच घेऊ शकावं, अनोळखी नंबरची रिंग वाजू नये. सगळं प्रायव्हसीत सापडते. मी ४० जणींचं केलं, बहुतेकींच्या फोनवर लग्नातला फोटो सगळ्या जगाला उघडा होता.

आम्ही बायांचा वेगळा ग्रुप पण काढला. तिथं धडाधड लिहितात, व्हॉइस मेसेज तर ऐकून कान दुखतात. पण खरं सांगू? बोंडअळीच्या सापळ्याची माहिती असो की पीक विम्याची शेवटची तारीख, सगळं मोठ्या ग्रुपवर येते. आमच्याकडं दोन दिवस शिळं होऊन पोचते. वेगळी चूल मांडली की धान्य पण वेगळं आणावं लागते.

---

बिनधास्त (जि. वाशीम)

एवढं काय त्यात. मजाक होती. आजकाल बाया फार नाजूक झाल्या.

---

आशा वर्कर (देवळी तालुका, जि. वर्धा)

बिनधास्त भाऊ, त्या पानाला काय झालं होतं ते सांगा बरं.

---

बिनधास्त (जि. वाशीम)

माहीत नाही.

---

काळा कोट (गोंदिया)

ताई, कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण अ‍ॅडमिन लोक दोन टोकांना असतात. एक म्हणतो माझा काही संबंध नाही, दुसरा घाबरून ग्रुपच बंद करतो.

अ‍ॅडमिनचा प्रश्न कोर्टात गेलेला आहे, आणि तो आमच्याच जिल्ह्यातून गेला. २०१६ मध्ये एका ग्रुपवर सदस्यानं महिला सदस्याला घाणेरडी भाषा वापरली. अ‍ॅडमिननं त्याला काढलं नाही, माफी मागायला लावली नाही, म्हणून अ‍ॅडमिनवरही गुन्हा दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं १ मार्च २०२१ ला अ‍ॅडमिनविरुद्धची कारवाई रद्द केली. म्हणणं असं की अ‍ॅडमिनला माणसं घेण्या-काढण्यापलीकडं फार अधिकार नसतो, कोण काय टाकणार हे त्याला आधी कळत नाही. दोघांचा मिळून बेत होता असं दिसल्याशिवाय दुसऱ्याच्या मेसेजची शिक्षा त्याला नाही. म्हणजे त्या ४१ मेसेजसाठी तुम्हाला कोणी आत टाकत नाही. पण निकाल वाचताना मला नेहमी त्या महिलेचं मनात येतं. अ‍ॅडमिन सुटला ते कायद्यानं बरोबरच. तिनं त्या ग्रुपवर पुन्हा कधी लिहिलं असेल का?

आता रात्रीच्या 'हाय'चं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ७८ मध्ये पाठलाग येतो. बाईनं नको असल्याचं स्पष्ट दाखवल्यावरही पुन्हा पुन्हा संपर्क करणं त्यात बसतं, पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत शिक्षा. अश्लील बोलणं, टोमणे यांना कलम ७५ आणि ७९ आहेत. अश्लील फोटो-व्हिडिओ टाकला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६७.

यात कामाची गोष्ट ती 'स्पष्ट दाखवल्यावर'. बहुतेक जणी थेट ब्लॉक करतात. ब्लॉक जरूर करा, पण त्याआधी एक ओळ लिहा: 'मला मेसेज किंवा फोन करू नका.' त्याचा स्क्रीनशॉट, वर नंबर आणि तारीख-वेळ दिसेल असा. त्यानंतर दुसऱ्या नंबरावरून आला तरी साखळी जुळते. चॅट पुसू नका. लाजेनं पुसतात आणि पुरावा जातो. व्हॉट्सअ‍ॅपला रिपोर्ट केलं की त्याचे शेवटचे पाच मेसेज कंपनीकडं जातात, ते फोनमधून पुसायच्या आत करा. तक्रार कोणत्याही ठाण्यात देता येते, हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही. सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवरही बायांच्या तक्रारीचा वेगळा भाग आहे. तातडी असेल तर ११२.

आणि उलट बाजूही लक्षात ठेवा. कोणी भाव पडल्याचा राग काढला, सरपंचाला नालायक म्हणालं, हा गुन्हा नव्हे. ६६अ नावाचं कलम होतं, असल्या बोलण्यावरून लोकांना उचलायचे. सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये ते रद्द केलं. ग्रुपवर भांडण होऊ द्या. बाईच्या हातावरून, जातीवरून, अंगावरून बोललं की तिथं थांबवा. जातीवरून बोललं तर अ‍ॅट्रॉसिटीचा प्रश्न येतो, तिथं चहाची वाट पाहू नका.

---

ठिबकवाला (आर्वी तालुका, जि. वर्धा)

मी लिहू का नको असं दोन दिवस झालं. ताई, त्या ४१ मधल्यासारखा मीपण एक होतो. तुमच्या ग्रुपमध्ये नाही, आमच्या. एका बाईनं ठिबकच्या नळीचा फोटो टाकला, कोणीतरी घाण बोललं, मी तीन हसरी तोंडं टाकली. मला हसू आलं होतं का? नाही. पानठेल्यावर पाच-सहा जण बसलो होतो, खर्रा घोटणं चाललं होतं, सगळ्यांचे फोन एकदम वाजले. सगळे हसले. नाही हसलो तर 'बायकोचा बैल' म्हणून पुढचा नंबर आपला. अंगठा आपोआप गेला.

थांबलं कसं ते सांगतो. आमच्या गावात एक काकाजी आहेत, सत्तरी पार. त्यांना टाइप करता येत नाही, फोनमध्ये बोलून लिहितात. त्या हसण्याच्या मधोमध त्यांचा मेसेज आला: 'बाई नळी कुठे फुटली सांध्याजवळ का मधात. मधात असली तर कापून जोडी टाक. सांध्याजवळ असली तर उंदीर आहे.' स्वल्पविराम नाही, काही नाही. पोरांना रागावले नाहीत, कोणाचं नाव घेतलं नाही. पण त्यांच्या मेसेजखाली हसायचं कसं? पुढचा मेसेज एका माणसाचा आला, 'उंदराला काय करावं काकाजी?' आणि गाडी तिकडं गेली. त्या बाईनं संध्याकाळी लिहिलं, 'सांध्याजवळच होती.'

मी तेव्हापासून पाहतो. घाण मेसेजनंतर पहिल्या पाच-दहा मिनिटांत दुसरा माणूस काय टाकतो त्यावर सगळं जाते. दुसरा हसला की तिसरा हसते. दुसऱ्यानं उत्तर दिलं की पहिला उघडा पडते. अ‍ॅडमिन संध्याकाळी येऊन नियम सांगते तोपर्यंत बाजार उठलेला असते.

बिनधास्त भाऊला आशाताईनं तेच केलं वर. मी मोठ्यानं हसलो, खरंखुरं.

---

परहाटीवाली (कळंब तालुका, जि. यवतमाळ)

सगळ्यांना नमस्कार. सोयाबीन काढणीत होते म्हणून दीड महिना गायब. काय काय झालं ते लिहिते. सगळं चांगलं झालं नाही.

आशाताईचं ऐकून पहिले तिच्या घरी गेले, गटाची वही घेऊन. सासू शेंगा फोडत होती, मीपण बसले फोडत. अर्धा तास इकडचं तिकडचं बोललो अन् मग सांगितलं. सासू म्हणाली, 'मले तं कोनी सांगतलंच नाही काय झालं ते. पोरगा म्हने फोन खराब झाला.' पोरगी चुलीपाशी उभी राहून ऐकत होती. नंतर आम्ही दोघी मागच्या अंगणात गेलो. तिला विचारलं काय पाहिजे. दोनच गोष्टी: फोन, आणि तिचं नाव कुठं घ्यायचं नाही. पोलिसात जायचं नाही. ठीक आहे. सिम तेवढ्यापुरतं फोनमध्ये टाकून वकील साहेबांनी सांगितली तशी एक ओळ त्या नंबरला पाठवली, स्क्रीनशॉट काढले, तिला विचारून माझ्याही फोनमध्ये ठेवले, मग ब्लॉक. तिनं हो म्हटल्याशिवाय ते कुठं जाणार नाहीत, माझ्याकडंच राहतील.

फोन तिला परत मिळाला अकराव्या दिवशी. नवऱ्याला उपरती झाली म्हणाल तर नाही. सासरे कंटाळले. सुनेचे गटाचे, बँकेचे, गॅसचे मेसेज यांच्या फोनवर, प्रत्येक वेळी चष्मा शोधा. एक दिवस म्हणाले, 'ज्याचं त्याले देऊन टाका बाप्पा.' एवढ्यावर सुटलं.

आता तो. गुरुजी, मी चहाला गेले नाही. ग्रुपवर लिहिलं, या वेळी हात न जोडता. 'पोळ्याआधी पानाच्या फोटोवर बाईच्या हातावरून जे बोलले, ते मी त्याच दिवशी थांबवायला पाहिजे होतं, थांबवलं नाही, ही माझी चूक. सुरुवात ज्यानं केली त्याला आज एक महिना ग्रुपबाहेर ठेवते. महिन्यानं परत घेईन. पुन्हा झालं तर कायमचं.' नाव लिहिलं नाही, पण काढलं की ग्रुपवर दिसतेच. जुन्या मेसेजचे आधी स्क्रीनशॉट काढून ठेवले, तेही इथूनच शिकले.

मी म्हटलं तसंच झालं. संध्याकाळपर्यंत नवा ग्रुप, 'खरे शेतकरी'. ६३ जण गेले, त्यात माझा चुलत दीर. आणि चौथ्या दिवशी दुकानातून आमच्या घरी फोन, 'हिशोब करून टाका.' परहाटी अजून झाडावर होती. दोन बकऱ्या विकल्या अन् हिशोब केला. नवरा दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही, तिसऱ्या दिवशी बोलला. हे मुद्दाम लिहिते. सल्ला देताना बकऱ्यांचा हिशोब कोणी धरत नाही.

'खरे शेतकरी' वर आता सकाळी गुलाबाची फुलं अन् रात्री सुविचार येतात म्हणे. ६३ पैकी बरेच दोन्हीकडं आहेत. भाव आमच्याकडं पाहतात.

तो महिन्यानं परत आला. अजून एकही मेसेज टाकला नाही. मी विचारलं नाही.

ठिबकवाल्या भाऊ, तुझं काकाजीचं मी उचललं. सहा जणांची टोळी केली, तीन बाया, तीन गडी. आठवड्यातले दिवस वाटून घेतले. काम एकच: कोणीही प्रश्न टाकला की दहा मिनिटात त्या प्रश्नावर काहीतरी लिहायचं. उत्तर येत नसलं तरी 'फोटो जवळून टाका', 'पानाच्या मागची बाजू दाखवा' एवढं तरी. आमच्याकडंही एक काकाजी सापडले, तेही बोलूनच लिहितात. परवा कोणाला तरी सांगत होते, 'पानाखाली पांढरी मावशी बसली का पाहा.' दोन दिवस ग्रुप पांढऱ्या मावशीवर हसत होता, आणि ते हसणं ऐकायला बरं वाटलं. काकाजी स्वतःच सगळ्यात जास्त हसले.

मला त्यातूनच त्या सोयाबीनच्या पानाचं उत्तरही मिळालं, उशिरा. पिवळा मोझॅक होता. पांढरी माशीच पसरवते तो. रोगट झाडं दिसली की उपटून पुरायची, पिवळे चिकट सापळे लावायचे, मग माशीचं औषध. त्याच दिवशी कोणी एवढं लिहिलं असतं तर तिच्या धुऱ्याकडच्या चार ओळींतली झाडं उपटून झाली असती. माशी तिथून पुढं सरकत गेली. उतारा मी विचारला, तिनं फक्त हात हलवला.

लिहिणाऱ्या बाया आता नऊ झाल्या. ११४ मध्ये नऊ. त्यातल्या दोघी फक्त अंगठा टाकतात, पण मी त्यांना धरलं आहे.

ती पोरगी त्या नऊमध्ये नाही. पण गेल्या सोमवारी तिनं मला एकटीला फोटो पाठवला. परहाटीचं पान, शिरा हिरव्या अन् बाकी लाल पडलेलं. 'ताई, तुमच्या नावानं टाका ना ग्रुपवर.' मी टाकला. चार मिनिटात उत्तर आलं, लाल्या आहे, मॅग्नेशियम सल्फेट फवारा, रात्रीची थंडी वाढली की जास्त दिसते. मी तिला ते पुढं पाठवलं. मग फोटो पुन्हा मोठा करून पाहिला. पान तिनं जुन्या पेपरावर ठेवून, वरून काढला होता. चारी कोपऱ्यांवर चार खडे, पान उडू नये म्हणून.